वेबली परत आली, पण आमच्या खाचरापर्यंत येईल का?

२०२० सालच्या शेवटी, लॉकडाऊन सैल होत होता तेव्हा, कुवेतला असलेल्या माझ्या चुलतभावाने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक बातमी टाकली. इंग्लंडची वेबली अँड स्कॉट ही जुनी बंदूक कंपनी आता भारतात रिव्हॉल्व्हर बनवणार होती. कारखाना उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यातल्या संडीला गावी, लखनौच्या सियाल कंपनीच्या भागीदारीत. सुरुवात ०.३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरपासून. खाली भावाने लिहिलं होतं, "चाचा, आपल्या बंदुकीचे माहेरवाले आले!"

चाचा ऐंशीच्या घरात आहेत. मोबाईल डोळ्यांजवळ धरून त्यांनी बातमी दोनदा वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "स्प्रिंग मिळेल का बघ."

हा लेख त्या स्प्रिंगबद्दल आहे. आणि महाड-पोलादपूरच्या डोंगरात अजून भिंतीवर टांगलेल्या बंदुकांबद्दल, त्यांच्या परवान्यांबद्दल, आणि त्या बाळगणाऱ्या माणसांच्या आशेबद्दल व शंकेबद्दल.

आधी आमच्या घरची हकीकत सांगतो. आजोबा बोटीवर खलाशी होते. आमच्याकडच्या कोकणी मुसलमान घरांत एक माणूस शेतावर आणि एक समुद्रावर ही वाटणी जुनीच. बोट सोडून आल्यावर त्यांनी मुंबईत एका दुकानातून बर्मिंगहॅमची दुनळी घेतली, बारा बोअरची. नळीच्या कडेला बारीक अक्षरांत वेबली अँड स्कॉटचं नाव. त्याआधी घरात ठासणीची बंदूक होती. तोंडातून दारू भरायची, वर चिंधी, मग छर्रे, गजाने ठासायचं, केप बसवायची, घोडा ओढायचा आणि मग डुकराने तोवर वाट पाहिली असेल अशी आशा करायची. दुनळी आल्यावर आजोबांना म्हणे आठ दिवस झोप लागली नव्हती.

बंदूक घेतली ती भातासाठी. सावित्रीच्या काठाला आमची खाचरं आहेत आणि वर डोंगराच्या पोटाला वरकस. भात निसवलं की रानडुकरं उतरतात. एका रात्रीत एक कळप अख्खं खाचर लोळवून जातो. खातो कमी, तुडवतो जास्त. म्हणून माळ्यावर राखण, डबे वाजवणं, आगटी, आणि शेवटी बार.

डुकराचं मांस आम्हाला निषिद्ध. त्यामुळे आजोबा बार टाकायचे आणि बाजूला व्हायचे. पुढचं सगळं काम वाडीतल्या कुणबी आणि कातकरी मंडळींचं. रात्री दोन वाजता मुसलमानाच्या खाचरात डुक्कर पडलं की सकाळी सात वाजता वाडीत वाटे पडत. बदल्यात काय, तर लावणीला माणसं कमी पडत नसत. हा हिशेब कुणी कागदावर मांडला नव्हता आणि कुणी विसरतही नव्हतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर ही पद्धत संपली. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायचं तरी आता परवानगी लागते. ते योग्यही आहे. पण त्या वाट्यांबरोबर गावातलं आणखीही काही गेलं, असं चाचांना वाटतं.

मुळात ही बंदूक आपल्या मुलखात नवी नाही. भाषाच पाहा. बंदूक हा शब्द अरबीतून आला, तोफ तुर्कीतून, दारू फारसीतून, काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगीजांकडून. तोफेचा गोळा टाकणारा तो गोलंदाज, हा शब्दही फारसी वळणाचा. आज तो वानखेडेवर चेंडू टाकतो आणि कुणाला परका वाटत नाही. पोलाद हाही मूळचा फारसी फौलाद. पोलादपूर या गावाच्या नावामागची कथा काहीही असो, नाव उच्चारताना आपण लोखंडाचाच आवाज काढतो. ज्या डोंगरात तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आहे आणि ज्याच्या माथ्यावर प्रतापगड आहे, तिथे हत्यार घरात असणं ही गेल्या शतकापर्यंत विशेष गोष्ट नव्हती.

ती विशेष कधी झाली? १८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरने रायगडासमोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या आणि १० मे रोजी किल्ला पडला. पण किल्ले पडले म्हणून घरातली हत्यारं लगेच गेली नाहीत. ती गेली १८५७ नंतर. आधी १८६० चा कायदा आला, मग लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदाही आला, हा योगायोग नव्हे. लेखणी आणि बंदूक एकाच वर्षी परवान्याखाली गेली. गोऱ्या माणसाला परवाना लागत नव्हता, काळ्याला लागत होता. राष्ट्रीय काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले ते या भेदाच्या चिडीने.

एका मुलखाला मात्र सूट मिळाली. कूर्गच्या कोडवांना परवान्याविना बंदूक बाळगता येत असे आणि ती सूट स्वतंत्र भारतानेही चालू ठेवली. २०१९ मध्ये केंद्राने ती आणखी दहा वर्षांसाठी, २०२९ पर्यंत वाढवली. कोडव आपल्या सणाला बंदुकीची पूजा करतात. सह्याद्रीच्या त्या टोकाला जे परंपरा म्हणून चालतं, त्याच सह्याद्रीच्या या टोकाला त्यासाठी अलिबागला खेपा घालाव्या लागतात. कोडवांचं काढून घ्या असं मी म्हणत नाही. इतकंच दाखवतो की कुणाची बंदूक संस्कृती ठरते आणि कुणाची फाईल, हे बंदुकीवर अवलंबून नसतं.

महाडला हा प्रश्न आणखी एका बाजूने ठाऊक आहे. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लढवय्या जातींचा नवा सिद्धांत काढला आणि महारांची लष्करभरती थांबवली. ज्यांच्या पूर्वजांनी कंपनी सरकारसाठी बंदूक उचलली, त्यांनाच बंदुकीला नालायक ठरवण्यात आलं. त्याविरुद्ध अर्ज लिहिणारे पहिले लोक आपल्या या पट्ट्यातले. त्यांच्यासाठी बंदूक म्हणजे पगार, पेन्शन, शाळा, आणि माणूस म्हणून मोजलं जाणं होतं.

पुढे २० मार्च १९२७ ला, चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यानंतर, परतणाऱ्या लोकांवर महाडात हल्ला झाला. तेव्हा पळून आलेल्या अनेकांना इथल्या मुसलमान घरांनी दारं उघडली. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. हे आम्ही अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. पण त्या मार्चमधली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. बाबासाहेबांबरोबर फौजेतून परतलेली माणसं होती, हत्यार कसं चालवायचं हे जाणणारी. प्रतिकाराला ती तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. बंदूक चालवता येणं आणि ती न उचलण्याचा निर्णय घेणं, या दोन्ही गोष्टी महाडने एकाच दिवशी पाहिल्या. पंधरा वर्षांनी, १९४२ च्या सप्टेंबरात, याच महाडच्या कचेरीवर गेलेल्या मोर्च्यावर सरकारने गोळ्या झाडल्या. हातात बंदूक असलेल्या सरकारला ती न उचलण्याचा निर्णय जमला नाही.

आता वेबलीकडे येतो.

बर्मिंगहॅममधला हा धंदा आपली सुरुवात १७९० पासून मोजतो, तेव्हा तिथे गोळ्यांचे साचे बनत. फिलिप वेबलीने त्याला नाव दिलं. १८८७ मध्ये ब्रिटिश फौजेने वेबलीचं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं आणि साम्राज्य जिथे जिथे गेलं तिथे ते कमरेला गेलं. १८९७ मध्ये स्कॉट घराण्याची कंपनी त्यात मिळाली. स्कॉटवाले दुनळ्यांसाठी नावाजलेले होते. तेव्हापासून वेबली अँड स्कॉट. पहिल्या महायुद्धात मार्क सिक्स, दुसऱ्यात मार्क फोर. पुढे साम्राज्य आटलं तसा धंदा आटला. १९६५ मध्ये या कंपनीने ग्रीनर हे दुसरं मोठं नाव विकत घेतलं, पण १९७९ पर्यंत स्वतःच्याच बंदुका बंद कराव्या लागल्या. मग नुसत्या हवेच्या बंदुका. २००५ च्या शेवटी बर्मिंगहॅमचं तेही दुकान उठलं. नाव विकलं गेलं, त्या नावाचा माल तुर्कस्तानात बनू लागला. अशी ही कंपनी मेली म्हणावं तर नाव जिवंत, आणि जिवंत म्हणावं तर कारागीर नाहीत.

भारतात मात्र वेबली एका अर्थाने कधी मेलीच नव्हती. कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याचं ०.३२ रिव्हॉल्व्हर, जे देशभरातले परवानाधारक वर्षानुवर्षं रांग लावून घेत आले, ते वेबलीच्या मार्क फोरवरूनच बेतलेलं. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सरकारने सामान्य माणसाला परदेशी बंदूक मागवणं बंद केलं. त्यानंतर बाजारात दोनच गोष्टी उरल्या. एक, सरकारी कारखान्याचा माल आणि जम्मू, मुंगेरकडच्या छोट्या कारखान्यांच्या बारा बोअर. दुसरी, बंदी येण्याआधी देशात आलेल्या जुन्या विलायती बंदुका, ज्यांच्या किमती सोन्यासारख्या चढत गेल्या. त्यामुळे संडीलाला नवी वेबली बनू लागणं म्हणजे गंमतच. बाप परत आला आणि पाहतो तर मुलगा त्याचंच दुकान चालवतो आहे.

मुलाच्या दुकानाचं आपल्याशीही नातं आहे. कोकणात कुणाचीही बारा बोअर असो, तिच्या पोटात बहुधा खडकीचं काडतूस जातं. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. १ ऑक्टोबर २०२१ ला सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हा खडकी त्यातल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेली, तिचं मुख्यालयही पुण्यातच. म्हणजे पुनर्जन्म एकट्या वेबलीचा नाही. दीडशे वर्षांचं सरकारी दुकानही नव्या पाटीखाली उभं राहिलं आहे. बंदूकवाल्यांच्या आशा आणि शंका दोन्हींबद्दल आहेत.

आशा काय? मी महाड, बिरवाडी आणि पोलादपूरकडच्या पाच-सहा परवानाधारकांशी बोललो. सगळे साठीच्या पुढचे, सगळे शेतकरी किंवा फौजेतून आलेले. त्यांचं म्हणणं साधं. दुकानात एकापेक्षा जास्त नावं आली तर भाव उतरेल. माल तपासून मिळेल. बिघडलं तर कुणी जबाबदार माणूस दुरुस्तीला मिळेल. आज बंदूक दुरुस्त करणारा हा धंदाच बुडत चालला आहे. पूर्वी मुंबईला दोन-चार कारागीर होते, कानस घेऊन बसले की घोडा, चाप, स्प्रिंग हाताने घडवून देत. त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली.

शंका जास्त आहेत. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या बाजूला, एक तात्या राहतात. फौजेत होते. त्यांच्याकडे ठासणीचीच आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. त्यांना मी वेबलीची बातमी सांगितली. त्यांनी विचारलं, "काय बनवणार म्हणालास?"

"०.३२ रिव्हॉल्व्हर."

"ते डुकराला लावायचं की सरपंचाला?"

तात्या हसले, पण मुद्दा नेमका होता. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखायला ठासणीची बंदूक मिळण्याची स्पष्ट तरतूद आहे आणि ठासणीने भागत नसेल तर काडतुसाच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचीही. शेतकऱ्याला ज्या हत्याराचा हक्क कायदा देतो, ते हत्यार नव्या कंपन्यांच्या यादीत पहिलं नसतं. यादीत पहिलं असतं कमरेला लावायचं हत्यार. कारण गिऱ्हाईक तिथे आहे. केंद्रीय गृह खात्याच्या २०१६ अखेरच्या आकड्यांनुसार देशात साडेतेहतीस लाखांहून अधिक परवाने होते, त्यातले पावणेतेरा लाख एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. कारखाना संडीलाला का, याचं उत्तर या आकड्यांत आहे. तिथे रिव्हॉल्व्हर ही इभ्रत आहे, लग्नाच्या वरातीत दिसणारी. २०१४ मध्ये सरकारी कारखान्याने बायकांच्या संरक्षणासाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. ज्या बाईला संरक्षण हवं तिच्याकडे सव्वा लाख असतात का, हे कुणी विचारलं नाही. तात्यांच्या नाचणीचंही तसंच.

दुसरी शंका कारागिरीची. बर्मिंगहॅमच्या ज्या हातांनी आमची दुनळी घडवली ते हात कधीच मातीत गेले. नावाबरोबर हात येत नाहीत. संडीलाचे कामगारही शिकतील, चांगलं करतील, मला त्यांच्याबद्दल आकस नाही. आजचं यंत्र तर त्या काळच्या कानशीपेक्षा नेमकं कापतं. पण मग ती संडीलाची बंदूक म्हणून विकावी. शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबाचं नाव तिच्यावर का? आपल्या गिऱ्हाइकाला अजून साहेबाच्या शिक्क्याचा भरवसा वाटतो, हे त्याचं उत्तर आहे आणि ते वेबलीपेक्षा आपल्याबद्दल जास्त सांगतं.

तिसरी शंका परवान्याची, आणि ती सगळ्यांत मोठी. बंदूक कितीही स्वस्त झाली तरी परवाना स्वस्त होत नाही. कारखाना खासगी झाला, दारातलं दप्तर सरकारीच राहिलं. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, हे बरं झालं. एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका, हेही ठीक, आमच्याकडे दुसरी कुणाकडे आहे? पण पोलादपूरच्या वाडीतून अलिबागचं कलेक्टर ऑफिस शंभरावर किलोमीटर आहे. एका खेपेला एक दिवस आणि एक मजुरी जाते. आणि एका खेपेत काम होतं असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. आता तारखा पाहा. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झालं. आमच्याकडे भात पिकतं आणि कापलं जातं ते याच दिवसांत. म्हणजे ज्या महिन्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना दिला, नेमक्या त्याच महिन्यात बंदूक ठाण्यात. सिंधुदुर्गातल्या एका परवानाधारकाने याविरुद्ध दाद मागितली. तेव्हा २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करता येणार नाहीत, छाननी समितीने प्रत्येकाचा विचार करायला हवा. निकाल आहे. तो ठाऊक असलेला शेतकरी आणि तो ठाऊक असलेला हवालदार एकाच दिवशी समोरासमोर यायला हवेत, एवढंच.

याचा परिणाम काय झाला? डुकरं कमी झाली नाहीत. २०१५ मध्ये राज्य सरकारने पिकाचं नुकसान करणारी रानडुकरं आणि नीलगाई मारायच्या परवानगीची वाट सोपी केली. पण परवानगी सोपी आणि बंदूक अवघड, अशा वेळी माणूस तिसरा रस्ता काढतो. तारेची फासकी लावतो, कुंपणात वीज सोडतो, गावठी बॉम्ब पेरतो. फासकीला जनावर ओळखता येत नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या अडकतो, विजेत शेजारची गाय मरते, कधी माणूस मरतो. जबाबदार माणसाच्या हातातली नोंद असलेली बंदूक यापेक्षा बरी, हे मी बंदूकप्रेमापोटी म्हणत नाही.

आता जे टाळता येत नाही ते लिहितो. १९९३ च्या सुरुवातीला आपल्याच जिल्ह्यात, दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर, मुंबईच्या बॉम्बस्फोटांचा माल उतरला. त्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांत आमच्या धर्माची माणसं होती, आणि पैसे घेऊन डोळे मिटणारे सरकारी अधिकारीही होते. पैकी एकाच गटाची किंमत पुढची तीस वर्षं इतरांनी भरली. नूतनीकरणाला गेलं की चाचांना जे प्रश्न विचारले जात, ते तात्यांना विचारले जात नसत. "घरात कोण कोण परदेशात आहे? पैसे कुठून येतात? बंदूक कशाला हवी?" विचारणारा माणूस वाईट नव्हता. एकदा तर त्याने चहाही पाजला. पण प्रश्न तेच. चाचा दर वेळी एकच उत्तर देत, "साहेब, डुकरं माझं नाव विचारून येत नाहीत."

गावातले काही तरुण मला म्हणतात, कशाला ठेवता? आपल्या माणसाने आज बंदूक ठेवणं म्हणजे आपणहून कागद तयार करून देणं. मी त्यांना खोडून काढू शकत नाही. त्यांची भीती मला कळते. पण दुसरी बाजूही आहे. त्या बंदुकीचा एकेक कागद ठाण्यात आहे, कलेक्टरकडे आहे, काडतुसांचा हिशेब वहीत आहे. इतक्या उजेडात ठेवलेली दुसरी कुठलीच वस्तू आमच्या घरात नाही. भीतीपोटी ती टाकून दिली तर आपण संशयाला मान्यता दिली, असं चाचा मानतात. मला ते निम्मं पटतं.

तर स्प्रिंग. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं. त्याच दिवशी वर तळीयेवर दरड कोसळून अख्खी वाडी गाडली गेली. तळीयेपुढे आमचं नुकसान म्हणजे काहीच नाही, म्हणून ते सांगताना लाज वाटते. पाणी तळमजला भरून वर चढलं. आम्ही माळ्यावर होतो, बंदूक खाली भिंतीवर. दोन दिवसांनी चिखलातून काढली. परवाना प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, तो वाचला. नळ्यांत गाळ भरला होता. चाचांनी रॉकेलने धुतली, तेल दिलं, चिंधी फिरवत रात्री बसून राहिले. दस्ता फुगला. आधीच कुरकुरणारी डावीकडची स्प्रिंग तुटली. डावी नळी मुकी झाली ती आजपर्यंत.

मी चौकशी केली. नव्या वेबलीचं लक्ष रिव्हॉल्व्हरवर आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या दुनळीची स्प्रिंग नावाच्या मालकीत येत नाही. मुंबईतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने घडवून देतो म्हणून सांगितलं आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर.

कुवेतच्या भावाने त्यावर लिहिलं, "चाचा, ती जुनी जमा करा. नवं रिव्हॉल्व्हर घेऊ, पैसे मी देतो. दिवस खराब आहेत, घरात असलेलं बरं."

चाचांनी मला उत्तर लिहायला सांगितलं. शब्द त्यांचेच. "शेतासाठी बंदूक मागितली तर साहेबाला शेत दाखवता येतं. कमरेच्या रिव्हॉल्व्हरसाठी काय दाखवायचं? भीती? ती दाखवली की ती खरी होते."

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सत्तरी ओलांडलेला परवानाधारक हयातीतच बंदूक वारसाच्या नावे करू शकतो. चाचांना मुलगा नाही. त्यांनी माझं नाव सांगितलं. मी पनवेलला नोकरी करतो, चाप ओढलेला नाही, ओढायची इच्छाही नाही. फॉर्म घेऊन बसलो आणि कारणाच्या रकान्यापाशी अडलो. तिथे पीकसंरक्षण लिहायचं, तर पीक कुठे आहे? पुरानंतर आमचं खाचर पडून होतं. आजोबांनी ज्यासाठी बंदूक घेतली ते कारणच आम्ही सोडून दिलं होतं आणि भिंतीवर नुसतं लोखंड सांभाळत होतो.

गेल्या जूनमध्ये मी पंधरा दिवस रजा टाकली. तात्यांनी ओळखीने पोलादपूरकडची माणसं दिली, वाडीतून दोन घरं आली. खाचर लावलं. पीक बेताचंच आलं, एका कोपऱ्यातलं डुकरांनी लोळवलं. उजव्या नळीला बार करायची वेळ आली नाही, डब्यांवर भागलं. मग मी फॉर्म भरला. चौकशी चालू आहे. मला विचारलं गेलं, परदेशात कोण कोण आहे. मी सांगितलं. बंदूक कशाला हवी, हेही विचारलं. या वेळी माझ्याकडे दाखवायला शेत होतं.